विहिरीजवळचं घर

फेब्रुवारीत नागपूरला एक आठवडा असा येतो की सकाळी स्वेटर घालावं लागतं आणि दुपारी पंखा लावावासा वाटतो. संत्र्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला अजून असतात, पण त्यांची साल सैल झालेली असते. कुलर अजून माळ्यावर, रजई मात्र उन्हात. आणि मग एके दिवशी रिंगरोडवरून जाताना, कुठल्याशा अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या मागे, एक पळस पेटलेला दिसतो. एक पान नाही अंगावर, नुसती फुलं. या शहराने कापता कापता कसा कोण जाणे सोडून दिलेला.

परवा बेसा चौकात सिग्नलला थांबले होते. शेजारी सहलीची बस. खिडक्यांतून टोप्या, चिप्सची पाकिटं, एका पोरीचं बाहेर आलेलं कोपर. आतून बाई ओरडत होत्या, ‘‘कोपर आत घे, नाहीतर कोपर इथंच राहीन आणि तू जाशीन पुढं!’’ हिरवा झाला, बस गेली. मी तिथंच. मागच्या रिक्षावाल्याने विचारलं, ‘‘ओ मॅडम, झोपून राहिल्या का?’’

झोपले नव्हते. आठवीत गेले होते.

आमची शाळा जरीपटक्याच्या बाजारामागे. तिसऱ्या तासाला सिंधी मिठाईवाल्याच्या कढईतला वास वर्गात यायचा आणि भूगोल कोणाच्याच डोक्यात शिरायचा नाही. वर्गातली निम्मी पोरं माझ्यासारख्याच घरातली, जिथं आजोबांच्या आयुष्याचे दोनच भाग असतात, दीक्षेआधीचा आणि नंतरचा. आमच्या घरात तर तिसरी एक गोष्ट होती. पत्रकं. बाबा रेल्वेत कारकून होते, पण तो त्यांचा जोडधंदा म्हणायचा. खरा धंदा पत्रकं लिहिण्याचा, आणि त्याचे पैसे कधीच मिळत नसत. शाई ओली असली की कागद घरभर पसरलेले असायचे, पलंगावर, ओट्यावर, पाळण्याच्या दोरीवर. आम्ही त्यांच्यामधून पाय टाकत मोरीपर्यंत जायचो. रॉकेल आणि शाईचा तो वास मला अजून घराचा वास वाटतो. मी वाचायला शिकले ती ‘अननस’ आणि ‘आगगाडी’वरून नाही. माझे पहिले दोन शब्द होते ‘जाहीर’ आणि ‘निषेध’. बराच काळ मला वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच.

बाबांचा एकच नियम होता. ‘‘जे खरं नाही ते छापायचं नाही. आपल्या फायद्याचं असलं तरी नाही.’’ एका शब्दासाठी आख्खा गठ्ठा रद्दीत जाताना मी पाहिलंय. ती रद्दी मग आईच्या कामी यायची. आमच्या पोळ्या नेहमी पत्रकात गुंडाळलेल्या असायच्या.

तर सहल. नागपूरपासून दोन-तीन तासांवरचं अभयारण्य. नाव लिहीत नाही, आमच्या भागात सगळ्यांना कळेल. आणि खरं सांगायचं तर मला त्या अभयारण्याचं नाव कधी महत्त्वाचं वाटलंच नाही. त्याच्या पोटात एक दुसरं नाव होतं, मोहटोली. पौर्णिमाच्या आईचं माहेर.

पौर्णिमा माझ्या बाकावर बसायची. गोंडांची पोर, माझ्याहून शांत, माझ्याहून हुशार, आणि मला आवरण्याचं काम तिने न सांगता अंगावर घेतलेलं. तिची आई नंदामावशी धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया. धंतोली म्हणजे सगळ्या विदर्भाचं दुखणं घेऊन येणारी गल्ली. मावशी तिथं पेशंटची चादर बदलता बदलता विचारायची, ‘‘कोणत्या बाजूचे तुमी?’’ उत्तरात जंगलाकडच्या एखाद्या गावाचं नाव आलं की त्या खाटेला दोन चादरी जास्त मिळायच्या. तिचं लग्न होऊन ती नागपूरला आली आणि काही वर्षांनी मागे गाव उठलं. वाघासाठी. भाऊ पैसे घेऊन एक इकडे, एक तिकडे गेले. माहेर म्हणावं अशी जागाच उरली नाही. ती परत कधी गेली नव्हती. जाऊ शकलीही नसती. आत जायला तिकीट, गाडी, गाईड. आपल्याच गावाला जायला तिकीट!

बघा, उद्गारचिन्ह आलंच.

सहलीच्या सकाळी मावशी ड्यूटीवरून थेट शाळेच्या फाटकापाशी आली. हातात स्टीलचा डबा, वर फडक्याची घट्ट गाठ. आत मोहफुलं भाजून, तिळासोबत कुटून वळलेले लाडू, वाळलेल्या पळसाच्या पानांवर ठेवलेले.

‘‘शिदोरी आहे,’’ ती पौर्णिमाला म्हणाली. ‘‘माहेरी रिकाम्या हातानं जात नसते बाई. गावात वाटजो. पहिला लाडू वेशीवर, देवाले. मंग चिंचेपासून सुरू करजो, मंग विहिरीजवळचं घर, मंग दोन जावांचं. त्या भांडत असतीन तरी दोघींले वेगळा वेगळा देजो. एकीले दिला अन् दुसरीले नाही, तं गाव डोक्यावर घेतीन.’’

मला वाटलं, मावशीला कोणीतरी सांगायला हवं. तेरा वर्षांच्या माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं: मावशी, तिथं कोणी नाही. पौर्णिमाने माझा हात दाबला. मावशीला माहीत होतं. तिला माहीत नसतं असं कसं होईल? पण शिदोरीचा रिवाज असा की मुलगी सासरहून आली की तिने आणलेलं गल्लीभर वाटायचं, म्हणजे गल्लीला कळतं, आपली पोर आली, सुखात आहे. मावशीचं हे सांगणं कित्येक वर्षं राहून गेलं होतं. ते तिने लेकीच्या हाती दिलं. आता ते पोचवायचं कसं, हा प्रश्न पौर्णिमाचा होता. आणि बसमध्ये पूर्ण रस्ताभर डबा मांडीवर घेऊन ती तोच प्रश्न घेऊन बसली होती. भेंड्यांत आली नाही, उलट्या करणाऱ्यांना लिंबूही दिलं नाही. एवढंच म्हणाली, ‘‘मित्रा, आई संध्याकाळी विचारीन. वाटली का म्हणून. मी काय सांगू वं?’’

संघमित्राची मित्रा फक्त तीच करायची.

फाटकावर तपासणी झाली. प्लास्टिक काढून घेतलं, कागदही. माझ्या पोळ्यांचा कागद पहारेकऱ्याने उलगडला, उन्हात धरून मन लावून वाचला आणि विचारलं, ‘‘मोर्चा कधी आहे?’’

‘‘झाला,’’ मी म्हणाले.

‘‘झाला? अरेरे,’’ असं म्हणून त्याने तो घडी घालून खिशात ठेवला. माझ्या पोळ्या उघड्याच डब्यात गेल्या.

मग बिनछपराच्या उंच कॅन्टरमध्ये आम्हाला चढवलं. गाईडदादा तरुण होता, फाटकाशेजारच्या गावातला. त्याने हळू आवाजात सुरुवात केली. जंगलात काही टाकायचं नाही. जंगलातून काही न्यायचं नाही, पान नाही, दगड नाही. बोलायचं नाही. शेवटी जरा रंगात येऊन त्याने मूठ वर केली आणि म्हणाला, ‘‘जंगल वाचवा!’’

त्या बिचाऱ्याला काय माहीत तो कोणाच्या पोरांपुढे मूठ वर करून राहिला होता. आम्ही बोलायला शिकण्याआधी बापाच्या खांद्यावरून मोर्चे पाहिलेली पोरं. वर झालेली मूठ दिसली की छातीतून आपोआप निघतं. आख्ख्या कॅन्टरमधून एका सुरात गेलं, ‘‘वाचलंच पाहिजे! वाचलंच पाहिजे!’’

समोरच्या झाडावरची सगळी वानरं एका उडीत गायब. दोन मोर ओरडत पळाले. गाईडदादाने कपाळाला हात लावला. आमच्या खडतकर बाई, ज्यांच्या छडीपेक्षा जीभ जास्त लागायची, त्या मागून म्हणाल्या, ‘‘घ्या. आता वाघ मध्य प्रदेशात निघून गेला. पाहा आता एकमेकांचीच तोंडं.’’

आणि खरंच, आम्हाला वाघ दिसला नाही. पण काय काय दिसलं! पानगळीने मोकळं झालेलं सागवान, वाळलेली पानं चाकाखाली पापडासारखी मोडत होती. मध्येच एखादं झाड नुसतं पांढरंफटक, हाडासारखं. चितळांचा कळप एकदम मान वर करून थांबला तेव्हा आमच्यातला सगळ्यात वात्रट आशिषसुद्धा तोंड उघडं ठेवून बसला. धुळीला थंडीचा वास होता आणि उन्हाला कशाचा तरी गोड. मला पहिल्यांदाच कळलं की शांतता म्हणजे आवाज नसणं नाही. आमच्या घरी शांतता म्हणजे पोलीस आले असा अर्थ होता.

एका वळणानंतर झाडं संपली आणि मोठं कुरण लागलं. पिवळं गवत, मधोमध चिंच. एकच, पण केवढी! गाईडदादा म्हणाला, ‘‘इथं गाव होतं. जंगलात चिंच दिसली ना, की समजून घ्यायचं, माणसं राहून गेली.’’

पौर्णिमा उभी राहिली. ‘‘मोहटोली?’’

‘‘तुले कसं माहीत?’’

‘‘माह्या आईचं माहेर आहे.’’ *आहे* म्हणाली. होतं नाही.

चिंचेपलीकडे वनरक्षकांची चौकी होती, तिथं उतरायची आणि डबे खायची परवानगी असायची. आम्ही उतरलो. चिंचेखाली पिकलेल्या चिंचा पडलेल्या आणि एकही उचलायची नाही. त्या वयात यापेक्षा मोठा अन्याय नव्हता. गवतात पाय घातला की खाली मधूनच टणक लागायचं. जोती. कुठं चुलीचा काळा दगड, कुठं उखळाचा खड्डा, त्यात पाणी आणि पाण्यात मधमाशा. थोडं पुढे विहीर, दगडी, कठडा पडलेला, भोवती काट्यांचं कुंपण. वाकून पाहिलं तर खोल तळाशी आमची डोकी हलत होती.

पौर्णिमाने गाठ सोडली, पहिला लाडू काढला आणि गाईडदादाला विचारलं, ‘‘वेस कुठं होती? देवाले ठेवाचा आहे.’’

तो अवघडला. ‘‘नाही ठेवता येत गा... बाई. प्राण्यांची सवय बिघडते. मलेच बोलणी बसतीन.’’

इथं माझी वेळ आली असं मला वाटलं. मी पुढे झाले. माणसं हलवली ती हलवली, आता देवाचा लाडूही नाही? मी मूठ वळलीसुद्धा होती. खडतकर बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या गाईडदादाला म्हणाल्या, ‘‘तुझं गाव फाटकाजवळ ना? दिवसभर वेशीवर कोण बसते?’’

‘‘मीच बसतो मॅडम.’’

‘‘मग खा तूच. तोंड उघड.’’

तो हसायला लागला. मग हसणं थांबलं. त्याने पायातली चप्पल काढली, दोन्ही हात पुढे करून लाडू घेतला आणि खाल्ला. सगळा, हातावरचे तीळसुद्धा.

‘‘हं,’’ बाई आमच्याकडे वळल्या. ‘‘पौर्णिमा, गाव सांग. कोणतं घर कुठं?’’

पौर्णिमा आईने सांगितलं तसं सांगत गेली आणि बाई एकेकाला जोत्यावर बसवत गेल्या. तू चिंचेजवळचं घर. तू लोहाराचं. तू वाकड्या दाराचं. आशिष आणि रोशन, तुम्ही दोन जावा. ‘‘मी मोठी जाऊ!’’ आशिष लगेच ओरडला. ‘‘अबे, थोबाड पाह्य तुह्यं मोठ्या जावेचं!’’ रोशन म्हणाला, आणि लाडू मिळायच्या आत दोघं गवतात लोळून भांडायला लागले. पौर्णिमाने दोघांना वेगळा वेगळा दिला.

‘‘संघमित्रा,’’ बाई म्हणाल्या, ‘‘तू विहिरीजवळचं घर. अन् तिथं मूठ उघड, नाहीतर लाडू कशात घेशीन?’’

मी मूठ उघडली.

ऊन, गवत, आणि जोत्याजोत्यावर बसलेली निळ्या युनिफॉर्मची माणसं. पौर्णिमा डबा घेऊन दारोदार फिरत होती. प्रत्येक ठिकाणी थांबून म्हणत होती, ‘‘नंदाची शिदोरी आहे.’’ पहिल्या दोन घरांनी नुसतंच घेतलं. तिसऱ्या घराला, वाकड्या दाराच्या नीलिमाला, काय वाटलं कोण जाणे. तिने विचारलं, ‘‘बरी आहे का वं नंदा?’’ मग सगळ्याच घरांनी विचारलं. माझा लाडू घेऊन झाला होता, तरी मीही विचारलं. पौर्णिमा प्रत्येकाला म्हणाली, ‘‘बरी आहे.’’ मोहाचा लाडू आधी कडवट लागतो, मग गोड, आणि गोडवा बराच वेळ जिभेच्या मागे बसून राहतो.

संध्याकाळी मावशी शाळेच्या फाटकाशी उभी होती. ‘‘वाटली?’’

‘‘वाटली.’’

‘‘विहिरीजवळ कोण होतं?’’

पौर्णिमाने माझ्याकडे बोट दाखवलं. मावशीने मला वरून खाली पाहिलं आणि अगदी गंभीर तोंडाने विचारलं, ‘‘काय वं विहीरवाली, पाणी आहे का?’’

मोहटोलीत बाया एकमेकींना हेच विचारायच्या म्हणे. राम राम नाही, कशी आहेस नाही. पाणी आहे का.

‘‘आहे,’’ मी म्हणाले. मी स्वतः पाहिलं होतं.

तेव्हापासून दर फेब्रुवारीत पळस फुलला की मावशीचा डबा येतो. आशिष आता पुण्याला असतो, त्याला कुरिअरने जातो. आत दोन वेगळ्या पुड्या, एकीवर रोशनचं नाव, म्हणजे आशिषने ती पुढे पोचवावी आणि पोचवताना भांडावं. पौर्णिमा गडचिरोलीकडे शिक्षिका आहे. मी धंतोलीत जाऊन घेते. दवाखान्याच्या मागच्या बाकावर मावशी डबा पुढे करते आणि विचारते, पाणी आहे का. मी म्हणते, आहे.

यंदा मात्र माझी पावलं जड होती.

मागच्या महिन्यात मी तिथं जाऊन आले. उठवलेल्या गावांवर एक पत्रक लिहायचं ठरवलं होतं, बाबांचा वारसा म्हणा. फाटकाबाहेर आता रिसॉर्ट उभे आहेत, एकात निळाशार पोहण्याचा तलाव. माणसाचं एक गाव वाघाला अडचण होतं आणि माणसांचा तलाव होत नाही, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. हे मी लिहिणार आहे आणि मोठ्या टायपात लिहिणार आहे. पण पुढे कुरणात गेले तर चिंच होती आणि विहीर नव्हती. बुजवली होती. माती टाकून, वर गवत. रानगवा पडला होता म्हणे, मोठ्या मुश्किलीने निघाला. आता यात कोणाचा निषेध करू? गव्याचा? ‘जाहीर’ लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. ज्या मुलीला पहिल्यापासून मूठ वळायला शिकवलं, तिला त्या कुरणाने दुसऱ्यांदा मूठ उघडायला लावली, आणि या वेळी हातात द्यायला लाडूही नव्हता.

तर धंतोलीतला बाक. दुपार. कोणाचा तरी सलाईनचा स्टँड कुरकुरत चाललेला. मावशीचे केस आता पळसाखालच्या राखेसारखे. तिने डबा मांडीवर घेतला आणि विचारलं, ‘‘काय वं विहीरवाली, पाणी आहे का?’’

‘आहे’ म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द, एका म्हाताऱ्या बाईच्या सुखाचा. पण माझ्या घरात एका खोट्या शब्दासाठी आख्खा गठ्ठा रद्दीत गेलेला आहे.

‘‘बुजवली, मावशी.’’

डब्याची गाठ घट्टच होती, तरी तिने सोडून पुन्हा बांधली.

‘‘काहून?’’

‘‘गवा पडला होता.’’

‘‘मेला?’’

‘‘नाही. काढला.’’

‘‘बरं झालं.’’ मला वाटलं, मी फार मोठं काहीतरी मोडलं. तेवढ्यात तिने डबा माझ्या मांडीवर ठेवला. नेहमीसारखा एकच लाडू नाही, आख्खा डबा. ‘‘विहीर बुजली म्हणून विहीरवाली कुठं जाते? तुले घर दिलं आहे ना मॅडमनं. औंदा तूच वाट.’’

‘‘कोणाले?’’

‘‘तुह्या गल्लीले.’’

‘‘मावशी, बेशाले गल्ली नाही, बिल्डिंग आहे. मले तिथं कोणाचं नावसुद्धा माहीत नाही.’’

‘‘मंग काय झालं? तुमच्या मॅडमले कोणाची नावं माहीत होती? घरं पाहून वाटजो.’’

काल रविवार होता. डबा घेऊन मी जिन्यात उभी राहिले. वर्षभर राहतेय इथं, एकही दार वाजवलेलं नाही. पण घरं पाहायला लागले तर घरं होती. ज्यांचा कुकर सगळ्यांच्या आधी वाजतो ते घर. ज्यांच्या दाराशी एकाच चाकाची सायकल आहे ते. वरच्या मजल्यावर पाण्याच्या टाकीवरून रोज भांडणाऱ्या दोघी, समोरासमोरच्या. त्यांना वेगळा वेगळा द्यावा लागेल. तळमजल्यावर दिवसभर खुर्ची टाकून बसणारे वॉचमनकाका म्हणजे वेस. पहिला लाडू त्यांना दिला. ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे केले. असं करायचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पत्रक अजून लिहून व्हायचं आहे. होईल.

मी पहिल्या मजल्यावर गेले, कुकरच्या घराशी. बेल वाजवली. आतून टीव्हीचा आवाज कमी झाला, पावलं आली, साखळीइतकं दार उघडलं आणि एका बाईच्या आवाजाने विचारलं, ‘‘कोण?’’

माझ्या फ्लॅटचा नंबर अगदी ओठावर होता.

‘‘मी,’’ म्हणाले, ‘‘विहिरीजवळची.’’